सातबाऱ्यावर कोणाचे नाव लागते, कोणाचे गळते: महाराष्ट्रातील जमीन प्रशासन आणि विषमता, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जमिनीच्या नोंदीचा आणि विषमतेचा संबंध काय?

जमीन कोण कसते हे गावाला माहीत असते. पण बँकेला, विमा कंपनीला, कृषी खात्याला आणि भूसंपादन अधिकाऱ्याला गाव दिसत नाही, सातबारा दिसतो. पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीची मदत, ठिबकचे अनुदान, विहिरीची योजना या प्रत्येक ठिकाणी पहिला कागद तोच मागतात. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये मिळण्यासाठी १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर असावी लागते. त्यानंतर वारसाने आलेली जमीन तेवढी चालते. म्हणजे एक नाव गळले की माणूस एका नोंदीतून जातो आणि दहा योजनांतून बाहेर पडतो.

नावे गळतात ती बहुतेक वेळा ठरलेल्या जागी: वारसांच्या यादीत, नोटिशीच्या बजावणीत, पीकपाहणीच्या रकान्यात. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातील वहितीखालच्या खात्यांपैकी सुमारे १४ टक्केच खाती स्त्रियांची होती. शेतात राबणारे हात मोजले तर हे चित्र किती उलटे आहे, ते कुठल्याही गावात दिसेल.

सातबाऱ्यावर नाव असले म्हणजे मालकी सिद्ध झाली का?

नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १५७ एवढेच म्हणते की, अधिकार अभिलेखातील (सातबारा त्याचाच भाग) नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात सुटतो, आणि फेरफाराने, म्हणजे नोंदीतल्या बदलाने, मालकी मिळत नाही व जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे.

पण ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ या तीन शब्दांत सगळा भार एका बाजूला जातो. ज्याचे नाव आहे तो घरी बसून खरा ठरतो. ज्याचे नाव नाही त्याने वकील करायचा, नकला काढायच्या, तारखांना जायचे. हा खर्च झेपत नाही म्हणून कायद्याने मजबूत असलेला हक्कही सोडून दिला जातो.

फेरफार नोंद नेमकी कशी होते? माणूस कोणत्या टप्प्यावर बाहेर पडतो?

याच संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसा, वाटणी वगैरे मार्गाने हक्क मिळालेल्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे असते. (या पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी आहे, बोलण्यात तलाठीच राहिले आहे.) नोंदणीकृत दस्ताने हक्क मिळाला असेल, तर मात्र कळवण्याच्या बंधनातून सूट आहे. ई-फेरफार प्रणालीत दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत झाले की त्याची माहिती आपोआप तलाठ्याकडे जाते. फरक लक्षात घ्या: पैसे देऊन जमीन घेणाऱ्याची नोंद यंत्रणा स्वतः सुरू करते; बाप वारलेल्या मुलीची नोंद कोणी अर्ज केला तरच सुरू होते.

पुढचा टप्पा कलम १५० चा. तलाठी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरतो, तिची प्रत चावडीवर लावतो आणि हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस देतो. हरकतीसाठी १५ दिवस. हरकत आली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत (नमुना ६अ) जाते आणि सुनावणी होते. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मगच सातबारा बदलतो.

खरी फट नोटिशीत आहे. ती प्रामुख्याने अभिलेखात आधीच नाव असलेल्यांना जाते. तलाठ्याला ज्याचा हितसंबंध असावा असे वाटते, त्यालाही ती द्यायची असे कलम सांगते. पण लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेली मुलगी त्याला ‘वाटण्या’साठी कोणी तरी सांगावे लागते. कागदावर नसल्यामुळे तिला नोटीस नाही, नोटीस नाही म्हणून हरकत नाही, आणि हरकत नाही म्हणून नोंद ‘विनातक्रार’ प्रमाणित. नियमभंग न करताही हे घडते. दुसरी नेहमीची गडबड म्हणजे बजावणीच्या कागदावर भलत्याचीच सही किंवा अंगठा. नंतर अपील करायचे झाले तर फेरफाराच्या नकलेसोबत नोटीस बजावल्याची पोचसुद्धा मागून घ्या. अनेक प्रकरणे त्या एका कागदावर फिरतात.

वारस नोंदीत बहिणीचे नाव का राहत नाही? तिचा वाटा किती असतो?

वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे, नाते, वय व पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र आणि ८अ उतारा (खातेदाराच्या गावातील एकूण जमिनीचा उतारा) जोडून अर्ज करतात. अर्ज तलाठ्याकडे किंवा ई-हक्क पोर्टलवरून करता येतो. तलाठी चौकशी करून गाव नमुना ६क, म्हणजे वारस नोंदवही भरतो. मंडळ अधिकाऱ्याने वारस मंजूर केले की फेरफार धरला जातो. सगळा डोलारा अर्जदाराने दिलेल्या यादीवर उभा असतो, आणि अर्जदार बहुधा थोरला भाऊ असतो. गावातले पंच जबाब देतात तेव्हा ‘बहिणींना लग्नात दिले आहे’ हे वाक्य येते. कायद्यात त्या वाक्याला काहीही किंमत नाही.

हिशोब करून पाहा. चार एकर म्हणजे १६० गुंठे. वडील मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित असेल तर चौघांना सारखा चौथा हिस्सा, ४० गुंठे. वडिलोपार्जित असेल तर आधी कल्पनेने वाटणी धरतात: वडील, आई आणि तीन मुले यांना पाचवा-पाचवा हिस्सा, आणि वडिलांचा पाचवा भाग पुन्हा चौघांत. उत्तर तेच येते, ४० गुंठे. मुलीचे नाव यादीतून वगळले की उरलेल्या तिघांचा वाटा ५३ गुंठ्यांच्या वर जातो. भावाचे १३ गुंठे वाढतात, बहिणीचे सगळे ४० जातात.

एक अपवाद ध्यानात असू द्या. हिंदू उत्तराधिकार अधिनियम कलम २(२) नुसार अनुसूचित जमातींना सरळ लागू होत नाही. त्यामुळे आदिवासी मुलीच्या हक्कासाठी वेगळा युक्तिवाद करावा लागतो, आणि तिथे वकिलाशिवाय पुढे जाऊ नका.

लग्न फार पूर्वी झाले किंवा वडील २००५ आधी वारले, तर मुलीला हक्क आहे का?

महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना सहदायिक, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हिस्सेदार, केले होते, पण तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुलींना वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट काढली. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क जन्माने मिळतो, २००५ च्या त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही.

२० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली विक्री किंवा वाटणी मात्र मोडता येत नाही. इथेच ‘आमची तोंडी वाटणी आधीच झाली होती’ असा बचाव येतो. त्याच निकालाप्रमाणे तोंडी वाटणी सहजासहजी मान्य होत नाही. तिला त्या काळातील सरकारी कागदांचा भक्कम आधार लागतो. म्हणून जुने फेरफार आणि ८अ चे उतारे आधी काढा. वेगळी खाती पडलीच नव्हती हे त्यातून दिसले, तर बचाव बराच ढिला होतो.

हक्कसोडपत्र करून द्यायला सांगत आहेत. सही करण्याआधी काय बघायचे?

हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागते. साध्या कागदावरच्या संमतीवर किंवा तलाठ्यापुढच्या जबाबावर नाव कमी करता येत नाही. दस्तात कोणते गट नंबर लिहिले आहेत ते एकेक वाचा. ‘घराजवळच्या तुकड्यासाठी’ म्हणून बोलावतात आणि यादीत सगळे गट असतात. गावठाणातील घर वेगळे लिहिले आहे का, हक्क कोणाच्या लाभात सोडला आहे, मोबदला लिहिला असेल तर तो खरोखर खात्यात आला का, हेही पाहा. फसवणुकीने सही घेतली असेल तर दस्त रद्द करण्याचा दिवाणी दावा ती गोष्ट कळल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो.

माहेर तुटेल या धास्तीने सही करणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या निर्णयाला नावे ठेवणे आम्हाला मान्य नाही. पण मधला मार्ग असतो: नाव लावून घ्यायचे, कसायला भावाला द्यायचे, हक्क सोडायचा नाही. भावालाही यात अडचण आहे, ती लपवू नये. पीककर्जाला बँक सर्व सहहिस्सेदारांची संमती मागते. ती वेळेवर देण्याचे ठरले तर गाडी चालते.

सातबाऱ्यावर ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘अ.पा.क.’ लिहिले आहे. म्हणजे काय?

ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. वडिलांनंतर एका भावाचे, बहुधा थोरल्याचे, नाव सर्वांच्या वतीने लावलेले असते. पुढच्या पिढीत तो भाऊ मालक समजला जातो, त्याची मुले वारस म्हणून येतात आणि बाकी भावंडांची शाखाच कागदावरून पुसली जाते. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अल्पवयीन मुलाच्या वतीने नाव लागलेला पालक. मूल सज्ञान होऊन वीस वर्षे झाली तरी शेरा तसाच राहतो.

दोन्ही दुरुस्त होतात. ए.कु.मॅ. शेरा ज्या फेरफाराने आला त्याची नक्कल काढा. त्यात बहुतेकदा सर्व वारसांची नावे लिहिलेली असतात. ती नक्कल, वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज करा. मॅनेजर हयात असताना केलेला अर्ज कमी वादाचा होतो. त्याने जमीन विकल्यावर जागे होण्यात अर्थ नाही.

पतीच्या हयातीत पत्नीचे नाव लागते का?

लागते. १९९२ च्या लक्ष्मी मुक्ती परिपत्रकाप्रमाणे पतीने तलाठ्याकडे अर्ज केला की सहधारक म्हणून नाव येते. पतीची इच्छा लागते, हीच या योजनेची मर्यादा.

दुसऱ्याची जमीन बटाईने किंवा खंडाने कसणाऱ्याला काहीच का मिळत नाही?

कारण तो कागदावर नाही, आणि तो कागदावर येऊ नये याची काळजी घेतली जाते. याचे मूळ चांगल्या कायद्यात आहे. १९४८ च्या कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी पश्चिम महाराष्ट्रातील कुळे मालक मानली गेली. विदर्भासाठी १९५८ चा आणि मराठवाड्यासाठी १९५० चा वेगळा कायदा होता. या कायद्यांनी असंख्य कसणाऱ्यांना जमीन दिली. पण कृषक दिनानंतर निर्माण झालेल्या कुळालाही खरेदीचा हक्क सांगता येतो, म्हणून मालक तेव्हापासून लेखी काहीच देत नाही. करार तोंडी, मुदत एका हंगामाची, आणि दर वर्षी तुकडा बदललेला. या अदलाबदलीमुळे कसणारा जमिनीत शेणखत घालत नाही, बांध धरत नाही. पुढच्या साली ती त्याच्याकडे असेल का, हेच ठाऊक नसते.

नुकसान मात्र त्याचेच. गारपिटीचा पंचनामा त्याच्या पिकाचा होतो आणि मदत मालकाच्या खात्यात जमा होते. पीकविम्यात बटाईदाराला जागा आहे, पण मालकाशी केलेला नोंदणीकृत करार लागतो, आणि तो मालक करत नाही. पीकपाहणीत खातेदाराऐवजी दुसराच माणूस कसताना आढळला तरी तलाठी त्याचे नाव स्वतःहून सातबाऱ्यावर चढवू शकत नाही. वेगळ्या नमुन्यात नोंद करून तहसीलदाराकडे अहवाल पाठवायचा, आणि तहसीलदाराने चौकशी करायची.

करता येण्यासारखे दोन मार्ग आहेत. चार ते दहा जणांचा संयुक्त देयता गट (परतफेडीची जबाबदारी सगळ्यांची मिळून) करून जमिनीच्या कागदाविना कर्ज मागता येते. नाबार्डने ही पद्धत बटाईदार आणि भूमिहीनांसाठीच आणली. दुसरा मार्ग म्हणजे मालकाशी लेखी लिहून घेणे की, मदत किंवा विमा रक्कम आली तर खर्चाच्या प्रमाणात वाटायची. हा कागद नोंदणीकृत नसला तरी घासाघीस करताना उपयोगी पडतो. धोरणाच्या पातळीवर आमचे मत सरळ आहे: मालकीला धक्का न लावता कसणाऱ्याची हंगामापुरती नोंद झाली पाहिजे. मालकाची भीती घालवल्याशिवाय बटाईदार उजेडात येणार नाही.

वतन जमिनींना ‘वर्ग २’ का म्हणतात? विकताना परवानगी का लागते?

वतन म्हणजे गावकीच्या कामाच्या मोबदल्यात मिळालेली जमीन. महार वतनासह गावकामगारांची कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. या वतनांच्या जोखडाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्येच मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. वतन गेल्यावर जमिनी पूर्वीच्या वतनदारांना परत दिल्या, पण नवीन व अविभाज्य शर्तीवर. त्यामुळे त्या भोगवटादार वर्ग २ मध्ये येतात आणि हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्याची परवानगी व नजराणा (सरकारला भरायची रक्कम) लागतो.

ही अट राखणीसाठी होती. परिणाम दुहेरी झाला. शहराजवळच्या जमिनींवर दलालांनी कुलमुखत्यारपत्र (दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करण्याचे अधिकारपत्र) आणि साठेखताच्या (पुढे विक्री करण्याच्या कराराच्या) आडून ताबे घेतले. परवानगी नसल्याने भावही पडता दिला, आणि शर्तभंगाची नोटीस आली ती मूळ धारकाच्या नावे. दुसरीकडे, प्रामाणिकपणे कर्ज काढून विहीर खोदू पाहणाऱ्याला तारण देताना ‘वर्ग २’ आडवा येतो. शेजारच्या वर्ग १ च्या शेतकऱ्याला हा प्रश्नच नसतो. अशा जमिनीचे कोरे कुलमुखत्यारपत्र कोणालाही देऊ नका.

गायरान कसत आहोत. नावावर होईल का?

गायरान सरकारच्या मालकीचे आणि गावाच्या गुरचराईचे असते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केले, त्यांची एक मुख्य मागणी पडीक जमिनीची होती. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची, शेतीसाठी केलेली भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट मोकळी केली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. त्या निकालातही भूमिहीन, अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांसारखे अपवाद ठेवले आहेत, ते आपल्या अर्जात नमूद करा.

पुरावा म्हणून सगळ्यांत उपयोगी पडतो गाव नमुना १ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, आणि दंडाच्या जुन्या पावत्या. दंड भरल्याची पावती म्हणजे त्या साली तुमचा ताबा होता याची सरकारनेच दिलेली कबुली. अशा पावत्या चुलीत गेल्याने कित्येक दावे पडले.

आदिवासी जमीन बिगर आदिवासीकडे गेली असेल तर?

६ जुलै १९७४ नंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय असे हस्तांतर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ ने अवैध आहे. विक्रीसाठी शासनाची पूर्वपरवानगीही लागते. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरांसाठी जमीन परत मिळवून देणारा १९७४ चा वेगळा कायदा आहे. तारीख ठरवा, मग कलम ठरते.

वनजमिनीचा हक्क यापेक्षा वेगळा. २००६ च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा प्रत्यक्ष ताबा लागतो, मर्यादा चार हेक्टर, आणि विवाहितांचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे निघतो. इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. बहुतेक दावे याच अटीवर अडतात. दावा ग्रामसभेकडून उपविभागीय आणि मग जिल्हास्तरीय समितीकडे जातो. फेटाळला तर लेखी कारण मागा आणि ६० दिवसांत वरच्या समितीकडे जा. तोंडी ‘नामंजूर’ ऐकून परत येऊ नका. सामूहिक हक्काचा मार्गही पाहावा. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये तो मिळवला आणि बांबूवरचा अधिकार ग्रामसभेकडे आला.

सगळे ऑनलाइन झाले. आता तरी फरक पडला ना?

पडला. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो, उताऱ्यासाठी हेलपाटे वाचतात आणि फेरफाराची स्थिती घरबसल्या दिसते. जिवंत सातबारा मोहिमेने २०२५ मध्ये मयत खातेदारांच्या जागी वारस लावायला गती दिली.

पण संगणकाने जुनी यादीच टंकलिहिली. जी बहीण हस्तलिखित सातबाऱ्यावर नव्हती ती ऑनलाइनही नाही, आणि आता शेतकरी ओळख क्रमांक त्याच नोंदीवर उभा राहतो. १५ ऑगस्ट २०२१ पासूनची ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची असते. एकट्या वृद्ध विधवेला ते जमले नाही तर तिच्या रानात पीक नाही अशीच नोंद राहते. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली, घरांना मिळकत पत्रिका मिळाल्या. गावठाणाबाहेर गायरानावर किंवा पालावर राहणारे त्यातूनही सुटले.

रस्त्यासाठी जमीन जात आहे. मोबदला फक्त सातबाऱ्यावरच्या नावालाच का?

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत तीन वर्षांपासून तिथे राबणारे शेतमजूर, कुळे, बटाईदार, कारागीर यांनाही घेतले आहे. त्यांचा हक्क पुनर्वसनाचा आहे. जमिनीची किंमत मात्र नोंदीप्रमाणे वाटतात. म्हणून अधिसूचना निघताच वारस नोंद आणि हिश्श्याचा अर्ज करा, आणि वाटपावर हरकत असल्याचे लेखी द्या. निवाड्याच्या (मोबदला ठरवणाऱ्या आदेशाच्या) वेळी हजर असाल तर भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे प्रकरण पाठवण्याची मागणी सहा आठवड्यांत करावी लागते. एकदा रक्कम एका भावाच्या खात्यावर गेली की ती परत काढणे फार जड जाते.

चुकीची नोंद प्रमाणित झाली. आता काय करायचे?

आधी चूक कसली ते ओळखा. लेखनातली असेल, म्हणजे नाव, क्षेत्र किंवा गट नंबर उतरवताना झालेली, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज. हक्काचा वाद या कलमात बसत नाही आणि तिथे महिने वाया जातात. फेरफारच चुकीचा असेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे कलम २४७ खाली अपील, मुदत ६० दिवस. मुदत उलटली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा आणि नोंद कधी, कशी कळली ते तारखेसह लिहा. ‘मला माहिती नव्हती’ एवढे पुरत नाही. ‘अमुक तारखेला उतारा काढल्यावर कळले’ आणि त्या दिवसाचा उतारा, असे लागते.

वाटा मोजून ताब्यात हवा असेल तर महसुली अपिलाने भागत नाही. सगळे सहधारक राजी असतील तर कलम ८५ खाली तहसीलदार वाटप करून देतो. हक्कच नाकारला जात असेल तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा, आणि त्याच दिवशी विक्रीला मनाई मागणारा अर्ज. दावा लावल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. तसे केले की नंतर जमीन घेणाऱ्याला दाव्याची माहिती नव्हती असे म्हणता येत नाही.